थिन, स्लिम, स्किनी : कोशातला अर्थ एक, मनातला वेगळा

प्रश्न थोडक्यात असा आहे: थिन, स्लिम आणि स्किनी या तिन्ही शब्दांपुढे इंग्रजी-मराठी कोशात ‘बारीक, सडपातळ’ एवढंच सापडतं. तरी इंग्रजी बोलणारा माणूस एक शब्द ऐकून खूश होतो आणि दुसरा ऐकून दुखावतो. हा फरक ओळखायचा कसा, आणि असे शेकडो शब्द पाठ करण्यावाचून काही इलाज आहे का?

इलाज आहे. पण आधी दोन संज्ञा नीट लावून घेऊ, कारण बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

शब्द ज्या वस्तूकडे किंवा गुणाकडे बोट दाखवतो, तो अर्थ म्हणजे डिनोटेशन. आपल्या शाळेच्या व्याकरणातला वाच्यार्थ. त्या अर्थासोबत येणारी पसंती, नापसंती, जवळीक, तुच्छता म्हणजे कॉनोटेशन. पुष्कळ ठिकाणी कॉनोटेशनला ‘व्यंजना’ म्हणून मोकळं होतात, ते मला योग्य वाटत नाही. ‘सूर्य मावळला’ या वाक्यातून गुराख्याला ‘गुरं घरी न्या’ आणि दुकानदाराला ‘माल आत घ्या’ असं कळतं, हे व्यंजनेचं जुनं उदाहरण. तिथे अर्थ प्रसंगातून निघतो. स्किनी हा शब्द मात्र कोऱ्या कागदावर एकटा लिहिला तरी त्यातली नापसंती जाणवते. ती शब्दालाच चिकटलेली असते. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक काळजी घ्यायची: इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने तर्कशास्त्रावरच्या १८४३ च्या ग्रंथात कॉनोटेशन हा शब्द व्याख्येत येणाऱ्या गुणधर्मांसाठी वापरला आहे. तिथे भावनेचा संबंध नाही. तर्कशास्त्राच्या पेपरात ‘शब्दाला चिकटलेली भावना’ असं उत्तर लिहिलं तर ते चूक ठरेल.

हे कौशल्य तुमच्याकडे मराठीत आधीपासूनच आहे. वारले, निवर्तले, गेले, मेला, खपला यांतला कोणता शब्द कोणासाठी, हे कुणी तक्ता करून शिकवलेलं नसतं. शेकडो वेळा ऐकताना तो शब्द कोणाबद्दल, कोणत्या तोंडून, कशाच्या शेजारी आला हे मनात साठत जातं. इंग्रजीत नेमका हाच साठा नसतो. शब्द कोशातून, एकटे, समानार्थी शब्दांच्या यादीतून येतात. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली मांडलं की शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते. या उत्तरातलं बाकी सगळं त्याच एका गोष्टीवर उभं आहे: भावना शब्दाच्या शेजाऱ्यांकडून येते, म्हणून शेजारी पाहायचे.

आता बारीकपणाची रांग. स्लिम आणि स्लेंडर कौतुकाचे. स्लेंडरमध्ये डौल आहे, म्हणून तो मान, बोटं, फुलाचा देठ यांच्यासोबतही येतो. लीन म्हणजे चरबी नसलेला पण काटक; खेळाडू लीन असतो, मांस लीन असतं. थिन त्यातल्या त्यात तटस्थ, पण ‘यू लुक थिन’ असं तोंडावर म्हटलं तर समोरचा ‘मी आजारी दिसतोय का?’ असा विचार करतो. स्किनी म्हणजे नको इतका बारीक. (जीन्सच्या प्रकाराचं नाव म्हणून तो निरुपद्रवी आहे, म्हणजे शेजारी बदलला की रंगही बदलला.) स्क्रॉनीत हाडं दिसतात आणि तुच्छताही दिसते, तो शब्द कोंबडीला आणि भटक्या मांजराला लागतो. एमॅशिएटेड डॉक्टरांचा आणि बातमीदारांचा: उपासमार किंवा दुर्धर आजार. शरीर तेच, बघणाऱ्याची नजर वेगळी.

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी १९४८ साली बीबीसीच्या रेडिओवर ही नजर एका वाक्यात दाखवली होती. आशय असा: मी ठाम आहे, तू हट्टी आहेस, तो डोकं फिरलेला मूर्ख आहे. फर्म, ऑब्स्टिनेट, पिग-हेडेड. वागणं तिघांचंही एकच. नवा विशेषणशब्द भेटला की तो या तीन खणांपैकी कुठे बसतो हे विचारून पाहा. पैसा जपून वापरणारा माणूस स्वतःबद्दल थ्रिफ्टी किंवा फ्रूगल म्हणेल, शेजाऱ्याबद्दल टाइट, आणि न आवडणाऱ्या काकांबद्दल मायझरली.

मात्र सगळे फरक चांगलं-वाईट या एकाच पट्टीवर मोजता येत नाहीत, आणि विद्यार्थी सर्वांत जास्त इथेच चुकतात. मी चार गोष्टी वेगळ्या पाहायला सांगतो. पहिली, बाजू: कौतुक की नापसंती. दुसरी, पातळी: घरगुती, कचेरीतली की पुस्तकी. तिसरी, जोर: अनॉइड, अँग्री, फ्युरिअस हे एकाच बाजूचे, पण तिसऱ्याचा जोर पहिल्याच्या कितीतरी पट. चौथी, जोडीदार: शब्द कोणत्या वस्तूंनाच लागतो. अरोमा कॉफीला आणि स्वयंपाकाला, फ्रेग्रन्स फुलांना, अत्तराला आणि साबणाला. दोन्ही कौतुकाचेच, तरी आमटीला फ्रेग्रन्स म्हटलं की ऐकणाऱ्याला आमटीत साबण पडल्यासारखं वाटतं. यादीतला शब्द उचलताना लोक बाजू तेवढी तपासतात आणि उरलेल्या तिन्ही सोडून देतात.

पातळीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मराठी माणसाची इथली चूक आपल्या भाषेतूनच येते. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यानंतर काही शतकं दरबाराची भाषा फ्रेंच, चर्चची आणि विद्येची लॅटिन आणि शेतकऱ्याची इंग्रजी अशी वाटणी राहिली. त्यातून एकाच अर्थाचे तीन थरांतले शब्द उरले: आस्क, क्वेश्चन, इंटरॉगेट; किंगली, रॉयल, रीगल; राइज, माउंट, असेंड. पहिला देशी, दुसरा फ्रेंचमधून, तिसरा लॅटिनमधून. आई मुलाला आस्क करते, वकील साक्षीदाराला क्वेश्चन करतो, पोलीस संशयिताला इंटरॉगेट करतात. मराठीतही पाणी आणि जल, आई आणि माता असे थर आहेत. फरक असा की आपल्याकडे संस्कृत शब्द घेतला की बहुधा आदर आणि पावित्र्य वाढतं. इंग्रजीत लॅटिन शब्द घेतला की बहुधा अंतर वाढतं. म्हणून सांत्वनाच्या पत्रात आदर दाखवायला आपण ‘कन्व्हे माय कन्डोलन्सेस ऑन द सॅड डिमाइज’ लिहितो, आणि लंडनमधल्या सहकाऱ्याला ते सरकारी परिपत्रकासारखं लागतं. ‘आय वॉज सो सॉरी टु हिअर अबाउट युअर फादर’ हे देशी, छोटे शब्द तिथे जवळचे आणि म्हणूनच आदराचे. दुःख, प्रेम, आभार, माफी यांसाठी छोटे देशी शब्द घ्या. करार, अहवाल, नियम यांसाठी लॅटिन शब्द ठीक.

काही शब्दांचा रंग कोश उघडला तरी दिसत नाही, कारण तो शब्दात नसून त्याच्या कायमच्या शेजाऱ्यांत असतो. बर्मिंगहॅममध्ये भाषाशास्त्रज्ञ जॉन सिंक्लेअर आणि सहकाऱ्यांनी संगणकावर लाखो वाक्यं गोळा करून १९८७ साली कोबिल्ड कोश काढला. त्या कामात दिसलं की ‘सेट इन’ (शिरकाव करून ठाण मांडणे) या क्रियापदाचे कर्ते जवळजवळ नेहमी नकोसे असतात: रॉट, डिस्पेअर, इन्फेक्शन. कॉज हे क्रियापदही तसंच. त्याच्यापुढे डॅमेज, प्रॉब्लेम्स, डिले, पेन येतात. या गुणाला सिमँटिक प्रॉसडी म्हणतात. मराठीत ‘ओढवणे’ घ्या. संकट ओढवतं, आजार ओढवतो, बढती ओढवत नाही. ‘युअर व्हिझिट कॉज्ड अस ग्रेट हॅपिनेस’ या वाक्यात व्याकरणाची चूक नाही, पण इंग्रजी कानाला ते ‘तुमच्या येण्यानं आमच्यावर आनंद ओढवला’ असं ऐकू येतं. तिथे ‘गेव्ह’ किंवा ‘ब्रॉट’ हवं. कमिट आणि बेंट ऑन याच गटातले, अटर्लीचाही कल तिकडेच. उलट प्रोव्हाइडच्या पुढे बहुधा हवीशी वस्तू येते: हेल्प, सपोर्ट, केअर.

आता एक नमुना जवळून पाहू. परदेशी विद्यापीठासाठीच्या शिफारसपत्रात मराठी शिक्षकाच्या मनात वाक्य असतं: ‘ही मुलगी साधी, आज्ञाधारक, जिद्दी आणि हुशार आहे.’ कोश उघडून त्याचं होतं: सिंपल, ओबीडियंट, स्टबर्न, क्लेव्हर. चारही शब्द वाच्यार्थानं बरोबर. वाचणाऱ्या प्राध्यापकाला काय दिसतं? माणसाला सिंपल म्हटलं की बुद्धीनं मंद असा सूर निघू शकतो. साधेपणाची स्तुती करायची तर अनअझ्युमिंग किंवा मॉडेस्ट. ओबीडियंट हा शब्द लहान मुलांना आणि कुत्र्यांना लागतो. संशोधन करू पाहणाऱ्या व्यक्तीत तो उणेपणा वाटतो, कारण तिथे स्वतंत्र विचार हवा असतो. सांगायचं असतं ते विश्वासूपणाबद्दल, म्हणजे डिपेंडेबल किंवा कॉन्शिएन्शस. जिद्दीत कौतुक आहे आणि स्टबर्नमध्ये तक्रार आहे. डिटरमिन्ड घ्या, आणि अपयशानंतरही चिकाटी दाखवली असेल तर टिनेशस. क्लेव्हर चालेल, पण ब्रिटनमध्ये त्यात कधीकधी ‘वरवरची चलाखी’ मिसळते. ब्राइट किंवा एबल अधिक स्वच्छ. आणि ‘चतुर’साठी कनिंग तर मुळीच नको, त्यात कपट आहे. पत्र लिहिणाऱ्याचा हेतू चांगला, विद्यार्थिनीही चांगली, आणि नुकसान मात्र खरं. म्हणून शिफारसपत्रातलं प्रत्येक विशेषण वेगळं तपासावं, आणि शक्य तिथे विशेषण काढून तिनं काय केलं ते लिहावं.

बातमी आणि इतिवृत्त भाषांतरित करणाऱ्यांसाठी तेवढाच महत्त्वाचा गट म्हणजे ‘म्हणाले’चे इंग्रजी पर्याय. सेड तटस्थ. स्टेटेड औपचारिक. क्लेम्ड लिहिलं की लिहिणाऱ्याला खरेपणाबद्दल शंका आहे. पॉइंटेड आउट लिहिलं की लिहिणाऱ्यानं ते खरं मानलं. ॲडमिटेड म्हटलं की बोलणाऱ्यानं काहीतरी लपवलं होतं असा सूर येतो, आणि कन्फेस्ड म्हटलं की गुन्हाच. सेडची पुनरावृत्ती खटकते म्हणून यांची अदलाबदल करणं म्हणजे बातमीत न सांगता मत घालणं. इंग्रजी वाचकाला सेड दहा वेळा आलेला खटकत नाही. हीच खबरदारी क्राउड आणि मॉब, गव्हर्नमेंट आणि रेजीम या जोड्यांत.

एका शब्दानं ऐकणाऱ्याचा अंदाज किती हलतो याचं मोजमाप झालं आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली ४५ विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या फिती दाखवल्या आणि वेगाचा अंदाज विचारला. प्रश्नातलं क्रियापद तेवढं गटागटानं बदललं. स्मॅश्ड ऐकलेल्यांचा सरासरी अंदाज ताशी ४० मैलांहून थोडा अधिक आला, हिट ऐकलेल्यांचा ३४, आणि काँटॅक्टेड ऐकलेल्यांचा ३२ च्या किंचित खाली. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानं विचारलं की काच फुटलेली दिसली का. फितीत फुटलेली काच नव्हतीच. स्मॅश्ड ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी हो म्हटलं, हिट ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी. विमा दावा, पोलीस जबाब, अपघाताचा अहवाल इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत: ‘धडक बसली’साठी कोलायडेड किंवा हिट पुरे, स्मॅश्ड पुराव्याशिवाय लिहू नये.

मग नवा शब्द तपासायचा कसा? इंग्रजी-मराठी कोश फक्त वाच्यार्थासाठी. रंगासाठी विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश उघडा. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांच्या विद्यार्थिकोशांच्या जालावरच्या आवृत्त्या फुकट पाहता येतात. त्यात अर्थाच्या आधी छोटी खूण असते: अप्रूव्हिंग, डिसअप्रूव्हिंग, फॉर्मल, ऑफेन्सिव्ह. बहुतेक जण ती खूण ओलांडून सरळ अर्थावर जातात. खरं तर त्या खुणेपाशीच थांबायचं असतं.

खूण नसेल किंवा पुरेशी नसेल तर वाक्यसंग्रह, म्हणजे कॉर्पस. नवशिक्यांना स्केल (SkELL) नावाचं जालावरचं साधन सोपं आहे; मोठं काम असेल तर अमेरिकन इंग्रजीचा कोका (COCA), ज्यात शंभर कोटींहून अधिक शब्द आहेत, किंवा ब्रिटिश नॅशनल कॉर्पस, ज्यात दहा कोटी आहेत. शब्द टाका आणि वीस-तीस ओळी वाचा. विशेषण असेल तर त्याच्या उजवीकडचं नाम पाहा, क्रियापद असेल तर कर्ता आणि कर्म दोन्ही. दहा ओळींत कल दिसू लागतो. पाच ओळींवर निर्णय घेऊ नका. त्यांत एखादी कादंबरी किंवा थट्टेचं वाक्य असलं तर फसगत होते.

अँड आणि बट यांची कसोटी मला विशेष आवडते, कारण ती घरात बसून करता येते. ज्याचा रंग नक्की माहीत आहे असं चांगलं विशेषण घ्या, समजा काइंड, आणि तपासायचा शब्द त्याला जोडून शोधा. ‘फ्रूगल अँड काइंड’ सहज बसतं. ‘स्टिंजी (कंजूष) अँड काइंड’ अडखळतं, तिथे बट लागतं. १९९७ साली कोलंबिया विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी याच तत्त्वावर संगणकाकडून हजारभर विशेषणांची चांगली-वाईट अशी विभागणी करून घेतली, आणि ती ९० टक्क्यांहून अधिक बरोबर आली.

तयार आकड्यांचे तक्तेही आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ चार्ल्स ऑसगुड यांनी १९५७ साली सात खुणांच्या पट्टीवर शब्दांची भावना मोजायची पद्धत रूढ केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका यादीत सुमारे १४ हजार इंग्रजी शब्दांना १ ते ९ असे गुण आहेत: किती सुखद, किती उत्तेजक, किती ताब्यात असल्यासारखं वाटणारा. संगणकीय कामाला अशा याद्या फार उपयोगी. पण गुण एकट्या शब्दाला दिलेले आहेत आणि देणारे अमेरिकेतले आहेत, हे विसरून भाषांतरात वापरल्या तर चुकतील.

प्रदेशानुसार रंग बदलतोच. स्कीम ब्रिटनमध्ये आणि भारतात सरकारी योजना. अमेरिकेत त्यात फसवणुकीचा वास येतो, म्हणून अमेरिकन ग्राहकाला ‘अवर न्यू स्कीम’ असा मेल पाठवू नका, प्लॅन किंवा प्रोग्रॅम लिहा. (आपल्या ‘कारस्थान’चाही प्रवास असाच: जुन्या राजकारणातली मसलत, आज कट.) होमली म्हणजे ब्रिटनमध्ये उबदार, साधं, अमेरिकेत माणसाबद्दल वापरलं तर दिसायला सामान्य, आपल्या विवाहविषयक जाहिरातींत घर सांभाळणारी. ‘आय हॅव अ डाउट अबाउट युअर फिगर्स’ पुण्यात प्रश्न असतो, शिकागोत अविश्वास. तिथे क्वेश्चन लिहा.

वहीत टिपताना एका शब्दाला एक पूर्ण वाक्य, त्याशेजारी बाजू, पातळी, जोर आणि दोन जोडीदार नामं, एवढं पुरतं. नुसता मराठी प्रतिशब्द लिहू नका. स्लिमपासून एमॅशिएटेडपर्यंतची सगळी रांग एका बैठकीत पाठही करू नका. जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र शिकले की एकमेकांत मिसळतात. आधी तटस्थ शब्द पक्का होऊ द्या, मग काही दिवसांनी एक कौतुकाचा, त्यानंतर एक नापसंतीचा.

शेवटी माणसांच्या गटांसाठीचे शब्द, कारण त्यांचा रंग सर्वांत लवकर उडतो. ईडियट, इम्बसील आणि मोरॉन हे एके काळी वैद्यकातले वर्ग होते. ते शिव्या झाले म्हणून रिटार्डेड आला, तोही शिवी झाला, आणि २०१० साली अमेरिकेनं कायदा करून केंद्रीय कायद्यांतून त्या शब्दाच्या जागी इंटलेक्च्युअल डिसॅबिलिटी घातलं. हँडिकॅप्डचंही तेच: १९७५ च्या अमेरिकन शिक्षण कायद्याच्या नावात तो होता, १९९० साली नाव बदलून डिसॅबिलिटीज आलं. या गटासाठी घरातला जुना कोश चालत नाही. कोशाच्या आवृत्तीचं वर्ष पाहा, ऑफेन्सिव्ह आणि ओल्ड-फॅशन्ड या खुणा पाहा, आणि त्या लोकांच्या स्वतःच्या संस्था आज स्वतःबद्दल कोणता शब्द लिहितात ते त्यांच्या संकेतस्थळावर वाचून तोच वापरा.